‘मेक’ म्हणजे नुसते ‘करणे’ नव्हे



तुमच्या इंग्रजीच्या वहीत मागच्या पानांवर शब्दार्थांची यादी असते. त्या यादीत ‘मेक’ या क्रियापदापुढे ‘करणे, बनवणे’ असे लिहिलेले असते. काहींनी तेच उर्दूत ‘करना, बनाना’ असे लिहिलेले असते. यादी पाठ होते, चाचणीत गुणही मिळतात. दुसऱ्या दिवशी तोच विद्यार्थी फळ्यावर लिहितो, ‘आय मेड माय होमवर्क.’ शब्द पाठ होता, अर्थ यादीप्रमाणे बरोबर होता, तरी वाक्य चुकले. तेथे ‘आय डिड माय होमवर्क’ हवे होते. असे का व्हावे?

माझे मत असे आहे की, क्रियापद एकटे पाठ करण्यासारखी वस्तू नाही. ते ज्या शब्दांच्या संगतीत राहते, त्या संगतीसह ते शिकावे लागते. आणि ही संगत ओळखण्यासाठी उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याजवळ जेवढी सामग्री आहे, तेवढी फार थोड्या विद्यार्थ्यांजवळ असते. हे दुसरे विधान वाचून काही जण हसतील. म्हणून आधी त्याविषयी थोडे सांगतो.

परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, कोठेही जा. ‘उर्दू शाळेतल्या मुलाला इंग्रजी कसे येणार?’ असे म्हणणारी माणसे भेटतात. आपल्यातलेच काही पालक असे म्हणतात आणि मुलाचे नाव काढून दुसऱ्या शाळेत घालतात. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून सुरू होई. म्हणजे आज दहावीला पोहोचलेल्या मुलाने दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. दहा वर्षांत जे आले नाही, ते केवळ शाळेची पाटी बदलल्याने येईल, ही समजूत मला पटत नाही. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे कायदा, वैद्यक, विज्ञान असे विषय उर्दूतून शिकवत, आणि इंग्रजी ही भाषा म्हणून सक्तीने शिकावी लागे. तेथून निघालेले वकील आणि डॉक्टर इंग्रजीत लंगडे होते, असे कोणी म्हणत नाही. तेव्हा दोष माध्यमाचा नाही. दोष त्या यादीचा आहे.

आता ‘मेक’कडे वळू.

मराठीत ‘करणे’ आणि उर्दूत ‘करना’ हे एकच घराणे आहे. इंग्रजीत मात्र या एका घरात दोन भाऊ राहतात. एक ‘डू’ आणि दुसरा ‘मेक’. नेमून दिलेले काम पार पाडायचे असेल तर बहुधा ‘डू’ येते. अभ्यास, व्यायाम, कर्तव्य, घरकाम ही ‘डू’ची कामे. काम झाल्यावर पूर्वी नसलेले काही तरी मागे उरत असेल तर बहुधा ‘मेक’ येते. चहा केला की कपात चहा उरतो, यादी केली की कागदावर यादी उरते, गोंगाट केला की कानात गोंगाट उरतो. चूकसुद्धा अशीच मागे उरते, म्हणून इंग्रज ‘मेक अ मिस्टेक’ म्हणतो, ‘डू अ मिस्टेक’ म्हणत नाही. हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवा. ‘बहुधा’ हा शब्द मी उगाच दोनदा वापरलेला नाही.

येथे उर्दू तुमच्या मदतीला येते. मराठी मुलाला ‘चहा करणे’ आणि ‘अभ्यास करणे’ यांत एकच क्रियापद दिसते. तुमच्या घरात मात्र ‘चाय बनाना’ आणि ‘पढ़ाई करना’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. जेथे ‘बनाना’ म्हणता येते, तेथे इंग्रजीत फार करून ‘मेक’ असते. ‘दोस्त बनाना’ म्हणजे ‘मेक फ्रेंड्स’. ‘फेहरिस्त बनाना’ म्हणजे ‘मेक अ लिस्ट’. ‘बेवकूफ बनाना’ यालाही इंग्रजीत ‘मेक अ फूल ऑफ’ असा वाक्प्रचार आहे. मराठीत मात्र आपण ‘मूर्ख बनवणे’ म्हणतो, ‘मूर्ख करणे’ म्हणत नाही. इतकी जवळची खूण हातात असताना तुम्ही ती वापरत नाही, कारण इंग्रजीच्या तासाला उर्दू आठवायची नाही, असे तुम्हांला कोणी तरी सांगितलेले असते. मी सांगतो, खुशाल आठवा.

परंतु उर्दू आणि मराठी या दोघी मिळून तुम्हांला एका ठिकाणी फसवतात. ते ठिकाण नीट पाहून घ्या.

मंजूर करणे, जमा करणे, खर्च करणे, माफ करणे, कबूल करणे, हजर करणे, साफ करणे, बंद करणे. हे सारे मराठी शब्दप्रयोग आहेत. आता ‘करणे’च्या जागी ‘करना’ ठेवा. सगळे उर्दू झाले! शेकडो वर्षे एकाच बाजारात, एकाच कचेरीत वावरल्यामुळे फारसी-अरबी शब्दाला आपले क्रियापद जोडण्याची ही रीत दोन्ही भाषांत सारखीच रुजली. ती रीत आजही जिवंत आहे. आपण ‘फोन करतो’, ‘मिस करतो’, ‘अ‍ॅडजस्ट करतो’. इंग्रजीला मात्र येथे जोड लागत नाही. तिच्याजवळ या प्रत्येक क्रियेसाठी एकेक पूर्ण क्रियापद आहे. ‘खर्च करणे’ म्हणजे नुसते ‘स्पेंड’, ‘साफ करणे’ म्हणजे नुसते ‘क्लीन’, ‘माफ करणे’ म्हणजे नुसते ‘फरगिव्ह’. म्हणून ‘आय मेड क्लीन द रूम’ आणि ‘ही डिड स्पेंडिंग मनी’ अशी वाक्ये जन्माला येतात. तेथे ‘मेक’ही नको आणि ‘डू’ही नको. ‘आय क्लीन्ड द रूम’ एवढे पुरे. वहीत तपासायला येणाऱ्या चुकांपैकी फार मोठा वाटा या एका जातीचा असतो.

थोडे विषयांतर करतो. आपल्या घरांत जी भाषा बोलली जाते, ती पुस्तकातली उर्दू नसते, दखनी असते. पुस्तकातली उर्दू म्हणते, ‘मैंने काम किया.’ घरातली दखनी म्हणते, ‘मैं काम करा.’ या दखनीची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. पण पाहा, उर्दूतला ‘ने’ येथे गळाला आणि वाक्य सरळ झाले. इंग्रजीतही भूतकाळात कर्ता असाच सरळ राहतो, ‘आय डिड द वर्क.’ आणि ‘मैंच करूँगा’ यातला ‘च’ तर आपण सरळ मराठीच्या ‘मीच करीन’ मधून उचललेला आहे. असो.

आता उलट बाजूने पाहू. इंग्रजीतले ‘मेक’ मराठीत आणताना प्रत्येक वेळी ‘करणे’ किंवा ‘बनवणे’ लिहिले की काम संपते का? संपत नाही. कुंभार, सोनार, गवंडी, आई या सर्वांसाठी इंग्रजीत ‘मेक’ चालते. मराठीत हात कसा हलतो, यावरून क्रियापद ठरते. भाकरी थापतात, पापड लाटतात, लाडू वळतात. विटा पाडतात आणि त्या विटांचे घर बांधतात. मडके घडवतात, दोर वळतात, कपडे शिवतात, गादी भरतात. तुमच्यापैकी कोणाचे वडील पिंजाऱ्याचे काम करत असतील. त्याने इंग्रजीत ‘माय फादर मेक्स मॅट्रेसेस’ असे लिहावे. मराठीत मात्र ‘माझे वडील गाद्या करतात’ असे न लिहिता ‘गाद्या भरतात’ असे लिहावे. कोणाची आई ईदेच्या आधी शेवया करत असेल. हातावर केल्या तर मराठीत ‘शेवया वळल्या’ असेही म्हणतात. इंग्रजी वाक्यात या साऱ्या कष्टांचे एकच नाव, ‘मेड’. मला विचाराल तर या बाबतीत मराठी इंग्रजीहून श्रीमंत आहे. ही श्रीमंती मराठीच्या उत्तरपत्रिकेत दिसत नाही, कारण तेथेही आपण यादीतला पहिला अर्थ उचलून ठेवतो.

‘मेक’चा आणखी एक उपयोग आहे, आणि तो चुकला नाही असा वर्ग मी पाहिलेला नाही. मराठीत हसणे-हसवणे, रडणे-रडवणे अशा जोड्या आहेत. उर्दूत हँसना-हँसाना, रोना-रुलाना. दुसऱ्याकडून क्रिया करवून घ्यायची असेल तर क्रियापदाच्या पोटातच बदल होतो. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. इंग्रजी क्रियापदांना सहसा ही सोय नाही. म्हणून इंग्रजी शेजाऱ्याला हाक मारते, आणि तो शेजारी म्हणजे ‘मेक’. ‘त्याने मला हसवले’ म्हणजे ‘ही मेड मी लाफ.’ ‘बाईंनी आम्हांला धडा वाचायला लावला’ म्हणजे ‘द टीचर मेड अस रीड द लेसन.’ येथे ‘मेड मी टू लाफ’ असे लिहू नका. मध्ये ‘टू’ येत नाही. गंमत अशी की, वाक्य कर्मणी केले की तोच ‘टू’ परत येतो, ‘वुई वेअर मेड टू रीड द लेसन.’ असे का, हे मला विचारू नका. दोन्ही वाक्ये मोठ्याने दहा वेळा म्हणा, कानाला सवय होईल.

आता म्हणी. माझा खरा रोख येथेच आहे. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत इंग्रजी म्हण एका बाजूला, मराठी म्हण दुसऱ्या बाजूला आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह असते. हे चिन्ह पुष्कळदा खोटे असते.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स.’ (यातला ‘हे’ मराठीतला ‘हे’ नव्हे, गुरांसाठी वाळवलेले गवत.) जॉन हेवूड नावाच्या इंग्रजाने १५४६ साली इंग्रजी म्हणी गोळा करून छापल्या, त्यातही ही आहे. गवत तर निसर्ग उगवतो, मग माणूस ‘मेक’ काय करतो? इंग्लंडमध्ये पाऊस केव्हाही येतो. उन्हाचे चार दिवस मिळाले की शेतकरी गवत कापतो, पसरतो, उलटेपालटे करून वाळवतो आणि भिजण्याच्या आत रचून ठेवतो. गवताची वैरण होते ती या कष्टांनी, म्हणून ‘मेक’. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला हे समजायला कोश नको. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापून शेतात पडलेले असते, आभाळ भरून येते, आणि घरातली सगळी माणसे गंजी लावून तिच्यावर ताडपत्री ओढायला धावतात. परतीच्या पावसाने एकदा भिजले की शेंगांना कोंब फुटतात. म्हण नेमके हेच सांगते.

आता मार्गदर्शक काय म्हणतो? ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे.’ उर्दूच्या बाजूला, ‘बहती गंगा में हाथ धोना.’ शब्दांपुरते जवळ वाटते, संधी साधणे. पण दोन्हींची चव अगदी निराळी आहे. गंगेत हात धुणारा दुसऱ्याने आणलेल्या प्रवाहाचा फायदा घेतो. त्यात थोडा टोमणा आहे. सोयाबीनवर ताडपत्री ओढणाऱ्या बाईला ‘तू वाहत्या गंगेत हात धुऊन घेतलेस’ असे म्हणून पाहा, ती काय उत्तर देईल ते ऐका. ‘तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे’ याचेही तसेच.

‘मेनी हँड्स मेक लाइट वर्क.’ ही म्हण एका विद्यार्थ्याने ‘पुष्कळ हात लाइटीचे काम करतात’ अशी लिहिली होती. भारनियमन पाहिलेल्या मुलाच्या मनात ‘लाइट’ म्हणजे वीजच येणार, त्याला मी दोष देत नाही. येथे ‘लाइट’ म्हणजे हलके. पुष्कळ हात लागले की काम हलके होते. आणखी एक पाहा, येथे ‘मेक’ आहे, ‘मेक्स’ नाही, कारण हात अनेक आहेत. मराठीत ‘गाव करी ते राव न करी’ अशी म्हण आहे आणि तिच्यात आपले ‘करणे’ही बसलेले आहे. ती जवळची आहे, पण तिच्यात एक राव येऊन उभा आहे. जे एकट्या सत्ताधीशाला जमत नाही ते गाव करून दाखवते, असा तिचा ठसका आहे. इंग्रजी म्हणीत कोणी राव नाही.

‘हेस्ट मेक्स वेस्ट.’ तीन शब्द. घाई नासाडी करते. मराठीत घाटाच्या रस्त्यावर पाटी असते, ‘अति घाई संकटात नेई’. उर्दूत म्हणतात, ‘जल्दी का काम शैतान का.’ तिन्ही वाक्ये एकाखाली एक लिहा आणि क्रियापदाखाली रेघ ओढा. इंग्रजीत ‘मेक्स’ सापडेल. मराठीत ‘नेई’ सापडेल, म्हणजे ‘करणे’ नाहीच, ‘नेणे’ आहे. उर्दूत रेघ ओढायला क्रियापदच नाही! एवढ्यावरून कळेल की, क्रियापदाला क्रियापद लावून म्हणीचे भाषांतर होत नसते.

‘प्रॅक्टिस मेक्स अ मॅन परफेक्ट’ तर तुम्हां सर्वांना पाठ आहे. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे ते बहुधा ‘प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट’ एवढेच म्हणतात. मधला ‘मॅन’ आपल्या शाळांच्या भिंतींवर जास्त दिसतो. मुलींच्या शाळेत तो पुसून टाकायला माझी हरकत नाही.

सर्वांत फसवी म्हण पुढची आहे. ‘अ‍ॅज यू मेक युअर बेड, सो यू मस्ट लाय ऑन इट.’ परीक्षेत ही म्हण आली की निम्मा वर्ग लिहितो, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे.’ दोन्हीकडे अंथरूण आहे ना! उर्दूतली चादरही आठवते, ‘जितनी चादर हो उतने पाँव फैलाओ.’ पण अंथरूण सारखे असले तरी झोपणारा वेगळा आहे. मराठी म्हण खर्चाविषयी बोलते, ऐपतीबाहेर जाऊ नका. इंग्रजी म्हण कर्माच्या फळाविषयी बोलते, जसे अंथरूण तुम्ही घातले तशाच अंथरुणावर तुम्हांला पडावे लागेल. (येथे ‘लाय’ म्हणजे आडवे होणे, खोटे बोलणे नव्हे.) तेव्हा तिची खरी जोड आहे ‘करावे तसे भरावे’, ‘जैसी करनी वैसी भरनी’. आणि अंथरूण पाहून पाय पसरण्याची इंग्रजी जोड हवी असेल तर त्यांनी ती शिंप्याच्या दुकानात ठेवली आहे, ‘कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ.’ शिवाय ‘मेक द बेड’ म्हणजे सुताराने पलंग बनवणे नव्हे. मराठीत अंथरूण घालतात, उर्दूत बिस्तर बिछाते हैं, इंग्रजीत बेड ‘मेक’ करतात.

यापुढे माझी एक मागणी आहे, विद्यार्थ्यांकडे आणि त्यांना शिकवणाऱ्यांकडेही. वहीच्या मागच्या पानांवरची ती यादी बंद करा. त्याऐवजी एका क्रियापदासाठी एक पूर्ण पान ठेवा. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात उर्दू. आणि घरात दखनीत जसे बोलता तसेही खाली लिहा. वाक्य पुस्तकातले नको, तुमच्या गल्लीतले असावे. तुमच्या घरी, तुमच्या मोहल्ल्यात काय तयार होते? कोणी चाव्या बनवतो, कोणी लोखंडी दारे बनवतो, कोणी टोस्ट भाजतो. प्रत्येकाचे एक वाक्य लिहा. आठवड्याला एक क्रियापद घेतले तरी शाळेच्या एका वर्षात तीसेक क्रियापदे सहज होतील. ‘टेक’, ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’ ही ‘मेक’चीच भावंडे आहेत आणि तितकीच लबाड आहेत. याने पहिल्या चाचणीत गुण वाढतीलच असे मी सांगत नाही. कदाचित कमीही होतील, कारण यादी पाठ करणाऱ्याचे उत्तर झटपट येते. पण दहावीनंतर आपल्या मुलामुलींना बहुतेक ठिकाणी उर्दू नसलेल्या महाविद्यालयात जावे लागते. तेथे कोणी ‘मेक’चा अर्थ विचारत नाही. तेथे अर्ज लिहावा लागतो, मुलाखतीत आपले काम सांगावे लागते, आणि यादी पाठ असलेला मुलगा तेथे गप्प बसतो. ‘उर्दू शाळेतला आहे, म्हणून बोलत नाही’, असे मग लोक म्हणतात.

पहिले पान भरताना एक म्हण मुद्दाम घ्या, ‘वन स्वालो डझ नॉट मेक अ समर.’ स्वालो म्हणजे पाकोळी, उर्दूतली अबाबील. ही म्हण फार जुनी आहे; ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याच्या लिखाणातही ती आढळते, फक्त तेथे उन्हाळ्याऐवजी वसंत आहे. तिकडे हिवाळा संपला की पाकोळ्या येतात. एक दिसली म्हणून ऋतू बदलला असे समजू नका, हा अर्थ. आपल्याकडे मात्र उत्तरेकडच्या पाकोळ्या थंडीत पाहुण्या म्हणून येतात, त्यामुळे शब्दशः भाषांतर केले तर ऋतूच उलटा होतो. उर्दूतली ‘अकेला चना भाड़ नहीं फोड़ सकता’ आठवेल, पण ती एकट्याच्या शक्तीविषयी आहे. मराठीतली ‘शितावरून भाताची परीक्षा’ तर नेमकी उलट सांगते, की एक शीत पुरे! मी या म्हणीला म्हणीने उत्तर द्यायचा नाद सोडला आहे. मराठीच्या रकान्यात मी साधे वाक्य लिहितो, ‘एक पाकोळी दिसली म्हणजे उन्हाळा आला, असे होत नाही.’ येथे ‘मेक’चे ‘होणे’ झाले आहे. उर्दूचा रकाना मी रिकामा ठेवला आहे, तो तुम्ही भरा.